मताचें मोल

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, उमरखेडच्या पलीकडे, पैनगंगेच्या खोऱ्यांत ढाणकी हें गांव आहे. नदीच्या अल्याड वऱ्हाड आणि पल्याड निजामाचा मुलूख, अशी ही सरहद्द कित्येक पिढ्या होती. बोली जवळजवळ एकच, सोयरिकी दोहों कांठांवर, बाजारहि एकमेकांचे; राज्य मात्र दोन. १९२० सालच्या नोव्हेंबरांत ह्या सरहद्दीला एक नवा अर्थ प्राप्त झाला. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांप्रमाणें मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलाच्या निवडणुका झाल्या, आणि अल्याडच्या शेतसारा भरणाऱ्या खातेदारांपैकीं मोजक्या पुरुषांच्या हातीं मत आलें. पल्याडच्या कास्तकाराला तसलें कांहीं मिळालें नाहीं. एका कांठावर मत ही वस्तु उत्पन्न झाली आणि दुसऱ्या कांठावर ती नव्हती.

वस्तु उत्पन्न झाली कीं तिचा भाव फुटतो. विलायतेंतील दोनशें वर्षांच्या अनुभवानें सरकारास हें पक्कें कळून चुकलें होतें. म्हणून मताचा अधिकार आणि मताच्या विक्रीला बंदी करणारा कायदा हीं दोन्ही एकाच वर्षीं आलीं. १९२० चा एकोणचाळिसावा कायदा हा तो कायदा होय. निवडणुकींतील गुन्हे आणि त्यांची चौकशी हा त्याचा विषय. त्यानें पिनल कोडांत एक नवें प्रकरण घातलें आणि कलम १७१-ए पासून १७१-आय पर्यंत नऊ कलमें त्यांत बसविलीं. नुसत्या कौन्सिलाच्या निवडणुकीपुरतीं तीं नव्हतीं. म्युनिसिपालिटी किंवा अन्य कोणतीहि सार्वजनिक संस्था, जिचे सभासद निवडून द्यावयाचे, ती ह्या व्याख्येखालीं आली. ही गोष्ट पुढें फार महत्त्वाची ठरली.

वऱ्हाडच्या बाबतींत मात्र एक मौज होती. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत आला आणि १९०२ च्या करारानें तो त्यांच्याकडे कायमचा पट्ट्यानें राहिला. तरी कागदोपत्रीं जमीन निजामाचीच. ब्रिटिश हिंदुस्थानांत मंजूर झालेला कायदा येथें आपोआप लागूं होत नसे. त्यास निराळी जाहिरात काढावी लागे. निवडणुकींतहि हीच ओढाताण झाली. वऱ्हाडी मतदारांनीं निवडून दिलेले गृहस्थ मध्यप्रांताच्या कौन्सिलांत शिरत, ते कायद्याच्या दृष्टीनें निवडून आलेले म्हणून नव्हे, तर गव्हर्नरानें नेमलेले म्हणून. मत द्यावयाचें, मोजावयाचें, निकाल लावावयाचा, आणि शेवटीं त्याला नेमणूक म्हणावयाचें! ज्यांच्या मतांचें असें रूपांतर होई, त्यांना त्या मताचें पावित्र्य शिकविणारा कायदा त्याच सरकारनें करावा ह्यांत थोडा विनोद आहे. परंतु कायदा मात्र विनोदाचा नव्हता. तो बारकाईनें लिहिलेला होता, आणि त्यांतील शब्द शंभर वर्षांनीं कामास यावयाचे होते.

त्या कायद्यानें आधीं ‘निवडणूकविषयक हक्क’ म्हणजे काय तें सांगितलें. सामान्य माणसास वाटेल कीं हक्क म्हणजे मत देण्याचा. कायद्यानें तेवढ्यावर भागविलें नाहीं. उमेदवार म्हणून उभें राहण्याचा, उभें न राहण्याचा, उभें राहून माघार घेण्याचा, मत देण्याचा आणि मत न देण्याचा, असे सगळे हक्क त्यानें एका शब्दांत गोंवले. मग लांच म्हणजे काय हें सांगितलें. कोणाहि माणसास, त्यानें किंवा दुसऱ्या कोणीं असा एखादा हक्क वापरावा म्हणून, कांहीं लाभ देणें म्हणजे लांच देणें. तो लाभ पैशाचाच असला पाहिजे असें नाहीं. देणारा जसा गुन्हेगार तसा घेणाराहि गुन्हेगार. देऊं करणें आणि देण्याचा प्रयत्न करणें ह्यांनाहि तीच गणना. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. ह्याला एकच अपवाद ठेवला होता: सार्वजनिक धोरण जाहीर करणें किंवा सार्वजनिक काम करण्याचें वचन देणें ह्यास लांच म्हणावयाचें नाहीं. विहीर बांधून देईन, रस्ता करीन असें सभेंत सांगणाऱ्यास तुरुंगांत टाकलें तर निवडणूकच बंद पडेल, हें उघड आहे.

ह्यांत एक उपप्रकार वेगळा काढलेला होता. खाणें, पिणें, करमणूक आणि शिधासामुग्री ह्यांच्या रूपानें दिलेल्या लांचेस कैद नाहीं, नुसता दंड. हा भेद विलायतेंतून आला. तेथें १६९६ सालींच उमेदवारानें मतदारांना खाऊंपिऊं घालूं नये असा कायदा झाला होता, आणि तो जवळजवळ कोणीहि पाळला नाहीं. १७२९ मध्यें लांच घेणाऱ्यास ५०० पौंड दंड आणि मतदानाच्या वेळीं ‘लांच घेतली नाहीं’ अशी शपथ, इतकी कडक तजवीज झाली. मतदार शपथ घेत आणि पैसेहि घेत. माणसाच्या सद्‍सद्विवेकावर सगळा भार टाकणाऱ्या कायद्याची अशीच गत होते. प्राचीन रोममध्येंहि ह्याहून निराळें घडलें नव्हतें. मतांसाठीं खटपट करणाऱ्यांविरुद्ध तेथें कायद्यांवर कायदे झाले. इ. स. पूर्व ६३ मध्यें खुद्द सिसेरोनें दहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सांगणारा कायदा पुढें आणला, आणि त्याच वर्षीं त्याच आरोपांत सांपडलेल्या मुरेना नांवाच्या गृहस्थाची वकिली करून त्यानें त्यास सोडविलेंहि.

विलायतेंतील खरा पालट १८७२ मध्यें झाला. त्या वर्षीं मत गुप्त झालें. तोंवर मतदार सर्वांदेखत आपलें मत सांगत असे, त्यामुळें पैसे देणाऱ्यास माल पोंचला कीं नाहीं हें तेथल्या तेथें कळे. मत झांकलें गेल्यावर विकत घेणारा आंधळा झाला. घेतलेल्या पैशास जागलें कीं नाहीं हें सांगणारा विकणाराच. आणि जो मत विकतो त्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? पुढें १८८३ मध्यें उमेदवाराच्या खर्चास मर्यादा घालण्यांत आली आणि हिशेब देणें सक्तीचें झालें. शिक्षेच्या धाकानें जें दोन शतकांत साधलें नाहीं तें पडद्यानें आणि खर्चाच्या वहीनें बऱ्याच अंशीं साधलें.

परंतु त्यापूर्वींची एक हकीकत ह्या विषयांत विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. सडबरी, सेंट आल्बन्स, बेव्हर्ली, ब्रिजवॉटर हीं इंग्लंडांतील गांवें लांचखोरीबद्दल इतकीं कुप्रसिद्ध झालीं कीं, पार्लमेंटानें त्यांचा प्रतिनिधि पाठविण्याचा हक्कच काढून घेतला. सडबरीचा १८४४ मध्यें, सेंट आल्बन्सचा १८५२ मध्यें आणि उरलेल्या दोहोंचा १८७० मध्यें गेला. एका माणसानें दिलें आणि एकानें घेतलें असा तेथील प्रकार राहिला नव्हता. निवडणूक हा गांवाचा हंगाम झाला होता. अशा ठिकाणीं कोणास पकडावयाचें? पार्लमेंटानें गांवालाच पकडलें. प्रामाणिक मतदारहि त्यांत भरडले गेले, हा त्या उपायाचा दोष. पण लांच गांवाची होऊं शकते, ही गोष्ट त्या काळींच मान्य झाली होती.

वऱ्हाडांत आणि एकंदर महाराष्ट्रांत खाण्यापिण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. येथें पंगत हा व्यवहार नसून नातें आहे. बारसें असो, तेरवी असो, हरिनाम सप्ताहाची समाप्ति असो, गांव जेवल्यावांचून कार्य पुरें होत नाहीं. ज्याच्या घरीं चार पैसे आहेत त्यानें गांव जेवूं घालावें ही अपेक्षा, आणि जो जेवला त्यानें त्याचें नांव राखावें हीहि अपेक्षा. निवडणुकीच्या आधीं आठ दिवस कोणी भंडारा घातला तर तो पुण्याचा कीं मताचा, हें पानावर बसलेल्यालाहि सांगतां येणार नाहीं. कायदा हेतु विचारतो. आणि हेतु सिद्ध करावयाचा तर जेवलेल्यांपैकीं कोणीतरी साक्षीस उभा राहिला पाहिजे. तो उभा राहात नाहीं. तो उभा राहिला तर घेणारा म्हणून स्वतःच अडकण्याचें भय, आणि ज्याचें मीठ खाल्लें त्याच्याविरुद्ध बोलल्याची गांवांतील नाचक्की वेगळीच.

त्यांत आणखी एक भर पडली. निवडणुकींतील लांच हा गुन्हा अदखलपात्र राहिला. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावांचून पोलिसांनीं त्याचा तपास करावयाचा नाहीं आणि वॉरंटावांचून कोणास पकडावयाचें नाहीं. मतदानाच्या आदल्या रात्रीं गल्लींत पाकिटें वाटलीं जात आहेत, फौजदार चौकांत उभा आहे, आणि कायद्याचें पहिलें पाऊल तालुक्याच्या कोर्टांत सकाळीं अकरानंतर पडावयाचें, असा हा प्रकार. निवडणूक आयोगानें हा गुन्हा दखलपात्र करावा अशी मागणी केली होती. १ जुलै २०२४ पासून पिनल कोडाची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. १९२० चें तें प्रकरण कलम १६९ ते १७७ ह्या नव्या आंकड्यांखालीं जवळजवळ जसेंच्या तसें उतरलें. लांचेची शिक्षा एक वर्ष, खाण्यापिण्यास नुसता दंड, आणि गुन्हा अदखलपात्र, हें सारें तसेंच राहिलें.

स्वातंत्र्यानंतर मताधिकार प्रौढ स्त्रीपुरुष सर्वांना मिळाला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं वऱ्हाड मध्यप्रदेशांत होता आणि नदीपलीकडचा मुलूख हैदराबाद राज्यांत. परंतु पैनगंगेच्या दोन्ही कांठांवरील माणसांनीं प्रौढ मताधिकारानें प्रथमच, आणि बरोबरीनें, मत दिलें. त्या निवडणुकीसाठीं केलेला १९५१ चा लोकप्रतिनिधित्वाचा कायदा आजतागायत चालू आहे. त्याच्या १२३ व्या कलमांत भ्रष्टाचाराचे प्रकार सांगितले आहेत: लांच, अनुचित दडपण, धर्म-जातीच्या नांवानें आवाहन, मतदारांना नेण्याआणण्यास भाड्याच्या गाड्या, मर्यादेबाहेरचा खर्च, सरकारी नोकरांची मदत, आणि १९८९ पासून मतदान केंद्र बळकावणें. पिनल कोड माणसास तुरुंगांत घालूं पाहतें, तर हा कायदा त्याची जागा काढून घेतो. आणि जागेची भीति तुरुंगाच्या भीतीहून मोठी असते. निकालापासून ४५ दिवसांच्या आंत अर्ज करावा लागतो. असे अर्ज पूर्वीं खास न्यायमंडळांपुढें चालत; १९६६ च्या दुरुस्तीपासून ते हायकोर्टांत चालतात. पुरावा फौजदारी खटल्याच्या तोडीचा लागतो. त्यामुळें अर्ज पुष्कळ होतात आणि सिद्ध थोडे होतात.

पहिल्या निवडणुकींतील मतपेटीची गोष्ट येथें सांगितली पाहिजे. बहुसंख्य मतदार निरक्षर, म्हणून प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवलेली असे आणि तिच्यावर त्याचें चिन्ह. मतदारानें कोरी मतपत्रिका घेऊन पडद्याआड जावयाचें आणि हव्या त्या पेटींत टाकावयाची. व्यवस्था सोपी आणि सुंदर होती. तिच्यांत एकच छिद्र राहिलें. पडद्याआड गेलेल्यानें मतपत्रिका पेटींत टाकलीच पाहिजे असें नव्हतें. ती बंडींत लपवून बाहेर आणावयाची, दलालास द्यावयाची आणि पैसे घ्यावयाचे. दलाल अशा दहापांच मतपत्रिका आपल्या भरंवशाच्या माणसाजवळ देई आणि तो त्या सर्व एका पेटींत टाकी. गुप्त मतदानानें आंधळा केलेला गिऱ्हाईक येथें पुन्हा डोळस झाला, कारण माल त्याच्या हातांत आला. १९६० नंतर मतपत्रिकेवर सर्व चिन्हें छापून शिक्का मारण्याची पद्धत सुरू झाली तेव्हांच हें छिद्र बुजलें. लांचेविरुद्धचा ह्या देशांतील एक फार परिणामकारक उपाय दंडसंहितेंत नसून छापखान्यांत सांपडला, असें म्हटलें तर तें वावगें होणार नाहीं.

खर्चाच्या मर्यादेचें भाग्य तितकें चांगलें नव्हतें. १९७४ मध्यें कंवरलाल गुप्ता ह्यांच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें निकाल दिला कीं, पक्षानें उमेदवाराच्या संमतीनें त्याच्यासाठीं केलेला खर्च उमेदवाराचाच समजला पाहिजे. लगेच कायदा बदलण्यांत आला आणि पक्षाचा व मित्रांचा खर्च मोजणीबाहेर काढण्यांत आला. ही पळवाट बऱ्याच प्रमाणांत २००३ मध्यें बंद झाली. मध्यंतरीचीं जवळजवळ तीस वर्षें खर्चाची मर्यादा कागदावर होती आणि खर्च मर्यादेबाहेर होता. २०२२ मध्यें महाराष्ट्रांत लोकसभेच्या उमेदवारासाठीं ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवारासाठीं ४० लाख रुपये ही मर्यादा ठरली.

ढाणकीच्या समोर, नदीपलीकडे नांदेड जिल्ह्यांत भोकर आहे. तेथल्या २००९ च्या विधानसभा निवडणुकीनें खर्चाच्या वहीचा प्रश्न देशभर गाजविला. निवडून आलेले उमेदवार अशोक चव्हाण हे त्या वेळीं राज्याचे मुख्यमंत्री होते. वर्तमानपत्रांतील जाहिरातींचा त्यांनीं दाखविलेला खर्च ५,३७९ रुपये होता. आणि त्यांची स्तुति करणारा मजकूर बातमी म्हणून पानेंच्या पानें छापून आला होता, असा आक्षेप होता. सादर केलेला हिशेब खरा आहे कीं खोटा हें तपासण्याचा अधिकार आयोगास आहे, असें सुप्रीम कोर्टानें मे २०१४ मध्यें ठरविलें. जुलैंत आयोगानें हिशेब रीतसर नसल्याचा ठपका ठेवला. सप्टेंबरांत दिल्ली हायकोर्टानें आयोगाचा तो हुकूम रद्द केला. म्हणजे चव्हाण ह्यांच्यावर कोणताहि ठपका उरला नाहीं. परंतु बातमी हीच भेटवस्तु होऊं शकते, आणि घेणारा मतदार नसून छापणारा असतो, हा प्रश्न त्या खटल्यानें उघड्यावर आणला.

आतांपर्यंत सांगितलेली लांच मोठ्या निवडणुकींची. परंतु ढाणकीसारख्या गांवाच्या रोजच्या जीवनाशीं ज्या निवडणुकीचा संबंध, ती गांवची. ढाणकींत पूर्वीं ग्रामपंचायत होती. गांव वाढल्यावर नगरपंचायत झाली. महाराष्ट्रांतील ग्रामपंचायती १९५८ च्या कायद्याखालीं चालतात. निकालानंतर पंधरा दिवसांच्या आंत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करतां येतो आणि उमेदवारानें मतासाठीं पैसा किंवा मौल्यवान वस्तु दिल्याचें अथवा वैयक्तिक लाभाचें आमिष दाखविल्याचें सिद्ध झाल्यास तो अपात्र ठरतो. खर्चाचा हिशेब वेळेवर न देणाऱ्यास पांच वर्षें बाद करण्याची तरतूद आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर ह्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे आल्या. तात्पर्य, तरतुदींची वाण नाहीं. आणि तरीहि गांवानें एक असा मार्ग शोधला कीं ज्यांत मत विकावेंच लागत नाहीं, कारण मतदानच होत नाहीं.

जानेवारी २०२१ मध्यें महाराष्ट्रांतील सुमारें चौदा हजार ग्रामपंचायतींचें मतदान व्हावयाचें होतें; १५ जानेवारी हा दिवस ठरला होता. त्याच्या आधीं नाशिक जिल्ह्यांतील देवळा तालुक्यांतील उमराणें ह्या कांद्याच्या बाजारपेठेच्या गांवीं आणि नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी येथें गांवकरी जमले आणि पदाचा लिलांव झाला. उमराण्यांत बोली २ कोटि ५ लाखांवर गेली. खोंडामळींत ती ४२ लाखांवर थांबली. पैसे कोणाच्या खिशांत जावयाचे नव्हते. ते गांवच्या देवळासाठीं होते. बोली भरसभेंत झाली, तिचीं चित्रें भ्रमणध्वनीवरून गांवोगांव फिरलीं, आणि त्यांत लपविण्यासारखें कांहीं आहे असें बोली करणाऱ्यांस वाटलें नसावें. गांवांत तंटा नको, निवडणुकीचा खर्च नको, सर्वांच्या देवाचें देऊळ उभें राहील, मग बिघडलें कोठें, अशी ही विचारसरणी होती.

हा युक्तिवाद भोळा आहे, पण पोकळ नाहीं. म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. निवडणुकीनें गांवांत वैर पेटतें हें खरें. दोन भाऊबंद एकाच वॉर्डांत उभे राहिले तर बांधावरचें भांडण मतपेटींत शिरतें आणि पुढें पांच वर्षें विहिरीवरचें पाणीहि बंद होतें. ‘बिनविरोध’ ह्या शब्दाला महाराष्ट्रांत मान आहे, तो ह्याचमुळें. बिनविरोध निवडणूक करणाऱ्या गांवास विकासनिधि देऊं अशा घोषणा त्याच सुमारास कांहीं आमदारांनींहि केल्या होत्या. मग सरकारी निधि घेऊन निवडणूक टाळणें चांगलें आणि देवळासाठीं पैसे घेऊन टाळणें वाईट, हा भेद गांवकऱ्यांनीं कसा ओळखावा? सार्वजनिक कामाचें वचन म्हणजे लांच नव्हे, हा १९२० चा अपवाद आमदाराच्या पाठीशीं उभा राहूं शकतो. तो किती ताणावयाचा, हें मात्र कोणीं नीट ठरविलेलें नाहीं. २०१३ मध्यें सुब्रमण्यम बालाजी ह्यांच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें पक्षांच्या जाहीरनाम्यांतील फुकट वस्तूंच्या आश्वासनांस कलम १२३ खालीं भ्रष्टाचार म्हणण्याचें नाकारलें. त्याच वेळीं अशा आश्वासनांनीं निवडणुकीच्या निकोपपणास धक्का बसतो असें म्हणून आयोगास नियम करण्यास सांगितलें. गांवच्या बिनविरोध निधीचा प्रश्न ह्याच सीमेवर उभा आहे.

लिलांवाची गोष्ट मात्र सीमेवरची नाहीं. १३ जानेवारी २०२१ रोजीं, मतदानास दोन दिवस उरले असतां, राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान ह्यांच्या आयोगानें उमराणें आणि खोंडामळी ह्या दोन्ही गांवांची सगळी निवडणूकप्रक्रिया रद्द केली आणि जबाबदार असणाऱ्यांवर गुन्हे नोंदविण्यास सांगितलें. सडबरी आणि सेंट आल्बन्सप्रमाणें येथेंहि गांवालाच पकडलें. पण येथें गांवाचा हक्क काढून घेतला नाहीं, तो परत दिला. निवडणूक पुन्हा घ्या, असा त्याचा अर्थ.

ह्या प्रसंगीं अनेकांनीं म्हटलें कीं, अशा लिलांवासाठीं कायदा नाहीं. मतदारास पैसे मिळाले नाहींत, मत दिलें गेलें नाहीं, मग लांच कोठें आहे? १९२० चीं ती कलमें उघडून पाहिलीं म्हणजे उत्तर मिळतें. हक्काच्या व्याख्येंत उभें राहण्याचा आणि माघार घेण्याचा हक्क आहे. लाभ पैशाचाच असला पाहिजे असें नाहीं, आणि तो ज्याचें मन वळवावयाचें त्यालाच मिळाला पाहिजे असेंहि नाहीं; ‘कोणाहि माणसास’ दिला आणि ‘दुसऱ्या कोणाचें’ मन वळविलें तरी पुरे. देवळाच्या कमिटीस दोन कोटि आणि शेजाऱ्याची माघार, हा सौदा त्या वाक्यांत तंतोतंत बसतो. शंभर वर्षांपूर्वीं दिल्ली-सिमल्याच्या कचेरींत बसून ज्यानें हा मसुदा केला, त्याच्या डोळ्यांसमोर कांद्याचा लिलांव असण्याचें कारण नव्हतें. परंतु विलायतेंत श्रीमंत उमेदवार प्रतिस्पर्ध्यास पैसे देऊन मैदानांतून उठवितो, हें त्यानें पाहिलेलें असावें. कायदा अपुरा नव्हता. त्याकडे पाहण्याची आपल्याला संवयच राहिली नव्हती, कारण आपण लांच म्हणजे रात्रीं हातांत पडलेली नोट एवढेंच समजत आलों.

लिलांवांत जातें कोणाचें, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. ज्याच्याजवळ दोन कोटि नाहींत तो उमेदवार होऊं शकत नाहीं, हें तर उघडच. परंतु तांड्यावरची बंजारा स्त्री, अंध किंवा कोलाम जमातीचा शेतमजूर, गांवकुसाबाहेर पिढ्या काढलेलें कुटुंब, ह्यांना पांच वर्षांतून एकदां मत मागण्यास कोणीतरी दाराशीं येतो, त्या दिवशीं ओट्यावर बसतो आणि नळाचें काय झालें तें ऐकून घेतो. लिलांवानें तो दिवस त्यांच्या आयुष्यांतून काढून घेतला जातो, आणि मोबदल्यांत त्यांना मिळतें तें देऊळ. गांव बोललें म्हणजे त्यांत हे सगळे बोलले असें धरून चालतात. डॉ. आंबेडकरांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत मसुदा मांडतांना गांव हें राज्यघटनेचें एकक न मानतां व्यक्ति हें एकक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केलें होतें, आणि त्यावर त्यांना पुष्कळ टीका सोसावी लागली होती. उमराण्याच्या चावडींतील तो लिलांव म्हणजे त्याच वादाचें एक उत्तरकांड आहे.

पैनगंगा आतां सरहद्द राहिली नाहीं. १९५६ मध्यें वऱ्हाड आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यांत आले, १९६० मध्यें महाराष्ट्रांत. आणि २००९ पासून उमरखेड विधानसभा मतदारसंघ हा नदीपलीकडच्या हदगांव-किनवटसह हिंगोली ह्या एकाच लोकसभा मतदारसंघांत आहे. दोन्ही कांठांवर आतां एकच मतदानयंत्र जातें. त्या यंत्रानें मात्र एक जुनी गोष्ट नव्या रूपानें परत आणली आहे. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हां अनेक केंद्रांच्या पेट्या एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. त्यामुळें कोणत्या वस्तीनें कोणाला मत दिलें हें कळत नसे. यंत्राची मोजणी केंद्रवार होते. एका माणसाचें मत गुप्त राहतें, परंतु एका तांड्याचें मत राहात नाहीं. पैसे वांटणाऱ्यास गांवाचा निकाल आंकड्यांत कळतो, आणि निवडून आलेल्यास कोणत्या वस्तीचा रस्ता करावयाचा नाहीं हेंहि कळतें. ह्यावर उपाय म्हणून अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखविणारें ‘टोटलायझर’ नांवाचें साधन वापरावें, असें निवडणूक आयोगानें २००८ मध्यें सुचविलें. विधि आयोगानें २०१५ मध्यें आपल्या २५५ व्या अहवालांत त्यास पाठिंबा दिला. केंद्र सरकारनें संमति दिली नाहीं.

नगरपंचायतीच्या निवडणुकींत हा प्रश्न आणखी अरुंद जागीं येऊन उभा राहतो. एकेका वॉर्डांत मतदार थोडे, केंद्रें एकदोन, आणि बहुतेक घरें एकमेकांच्या ओळखीचीं. मोजणीच्या टेबलापाशीं बसलेला उमेदवाराचा प्रतिनिधि यंत्राचा आंकडा वहींत उतरवून घेतो. त्या वहींत कोणाचेंहि नांव नसतें. परंतु कोणत्या गल्लींतून किती कमी पडलीं हें त्याला दुपारच्या जेवणाआधीं समजलेलें असतें.